‘एवढ्याने काय होतंय?’ : नशा, शहरातली मुलं आणि तुमचे प्रश्न

मागच्या अंकात कॉलेजातल्या मुलांच्या नशेबद्दल सहज चार ओळी लिहिल्या होत्या, त्यावर एवढी पत्रं आणि मेल आले की या वेळचं अख्खं सदर त्यालाच देतेय. आईबाबांची पत्रं आहेत, मुलांचीही आहेत. दोन्ही एका बैठकीत वाचली तर एक गोष्ट लगेच दिसते. आईबाबांना वाटतं की मुलांना धोका कळतच नाही, आणि मुलांच्या पत्रांत मात्र धोक्याचा हिशोब पानभर मांडलेला असतो, पण तो सगळा हिशोब भलत्याच गोष्टींवरून केलेला असतो, म्हणजे माल कोणाकडून आला, कुठे बसून घेतोय, सोबत कोण आहे, शेजारचा घेऊन ठणठणीत आहे का. आपण नेमकं काय घेतोय आणि ते शरीरात काय करतं हे सगळ्यात शेवटी येतं, कधीकधी येतच नाही. पत्रं थोडी छोटी केली आहेत आणि ओळख पटेल असे तपशील काढलेत.

ताई, माझा मुलगा १९ वर्षांचा आहे, सेकंड इयरला. त्याच्या सॅकच्या आतल्या कप्प्यात रोलिंग पेपरचं पाकीट सापडलं. विचारलं तर घाबरला वगैरे अजिबात नाही, उलट मलाच समजवायला लागला, आई हे नॅचरल आहे, दारूपेक्षा सेफ आहे, गांजाने कोणी मरत नाही, थायलंडमध्ये तर दुकानात मिळतो. मला यातलं काहीच माहीत नाही, मी काय बोलणार त्याच्याशी? (एक आई, कोथरूड)

आधी त्याच्या बोलण्यातलं जे खरं आहे ते खरं म्हणून मान्य करा, कारण तुम्ही तिथेच ‘काहीतरी बरळू नकोस’ म्हणालात तर पुढचं तो ऐकणार नाही. आपल्या देशात दारूने होणारं नुकसान गांजापेक्षा कितीतरी मोठं आहे हे खरंच आहे. केंद्राच्या सामाजिक न्याय मंत्रालयाने एम्सकडून देशभर सर्व्हे करून घेतला होता, तो २०१९ साली आला, त्यात १० ते ७५ वयातले साधारण १४.६ टक्के लोक दारू घेणारे निघाले आणि भांग, गांजा, चरस सगळं मिळून २.८ टक्के. नुसत्या गांजाच्या ओव्हरडोसने माणूस जाणं हेही जवळपास होत नाही. इथपर्यंत तो बरोबर आहे.

आता पुढे. थायलंडची बातमी त्याच्याकडे अर्धीच पोचलीय. जून २०२२ मध्ये त्यांनी गांजा अमली पदार्थांच्या यादीतून काढला, गल्लोगल्ली दुकानं लागली, आणि जून २०२५ मध्ये त्यांच्याच सरकारने डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विक्री बंद केली. तिकडून विमानाने येणारा जो ‘हायड्रो’ मुंबई एअरपोर्टवर कस्टमवाले पकडत असतात तो पाण्यावर, लाइटखाली मुद्दाम कडक वाढवलेला असतो, त्यात नशेचं द्रव्य साध्या देशी गांजापेक्षा बरंच जास्त असतं. म्हणजे ‘आमचे आजोबा देवळाच्या ओट्यावर चिलीम ओढायचे आणि ऐंशी वर्षं जगले’ हा दाखला या मालाला लागूच होत नाही. आणि नॅचरलचं म्हणाल तर धोतरा पण नॅचरलच आहे.

खरं बोलायचं ते सवयीबद्दल. गांजा ओढणाऱ्या दहातल्या साधारण एकाला त्याची सवय जडते, पण टीनएजमध्ये सुरुवात केलेल्यांत हे प्रमाण सहात एकापर्यंत जातं. पंचविशीपर्यंत मेंदूची बांधणी चालू असते, त्या काळात रोज ओढणाऱ्यांमध्ये भास, संशय अशा गंभीर मानसिक आजाराचा धोका वाढतो, आणि घरात आधी कोणाला असा आजार असेल तर आणखीच. हे तुमच्या घराला लागू आहे का ते फक्त तुम्हालाच माहीत. मामाला किंवा काकाला स्किझोफ्रेनिया होता आणि घरात त्याबद्दल कधी बोलणं झालं नाही असं असेल तर आता सांगा, लपवू नका, त्याच्यासाठी ही सगळ्यात उपयोगी माहिती आहे आणि ती त्याला रीलमध्ये मिळणार नाही.

मग त्याला विचारा. किती वेळा? कधी? सकाळी पण लागतो का, झोप त्याच्याशिवाय येते का? एकटा असताना ओढतो का? सिगरेटची तंबाखू मिसळून भरतो का (आपल्याकडे बहुतेक जण तसंच भरतात, आणि मग गांजाच्या आधी निकोटिन माणसाला धरतं, हे मुलांच्या ध्यानीमनीही नसतं)? ओढून ॲक्टिव्हा चालवतो का? या शेवटच्या प्रश्नावर अजिबात तडजोड करू नका. बाकी सगळं चर्चेने होईल पण गाडीची चावी त्या दिवशी घरात राहील हे आजच ठरवून टाका.

कायद्याचं पण शांतपणे सांगा. एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थविरोधी कायदा १९८५ चा आहे, त्यात एक किलोपर्यंतचा गांजा ‘स्मॉल क्वांटिटी’ धरतात, त्यामुळे मुलांना वाटतं एवढंसं असलं तर चालतं. चालत नाही. त्यालाही एक वर्षापर्यंत सक्तमजुरी किंवा दहा हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं, नुसतं ओढल्याबद्दल सहा महिन्यांपर्यंत. आणि केस लागली की ती पासपोर्टच्या, नोकरीच्या व्हेरिफिकेशनमध्ये समोर येते. हे धमकीच्या सुरात नको, बँकेचा फॉर्म समजावून सांगतो त्या सुरात सांगा.

मी २३ वर्षांचा आहे, आयटीत आहे, वाकडला फ्लॅटवर राहतो. आमच्या ग्रुपमध्ये वीकेंडला एमडी (मेफेड्रोनची पावडर) असते. मी पण घेतो, फक्त शनिवारी. सगळे नीट जॉब करतात, अप्रेझल चांगलं आहे, दोघांचं लग्न ठरलंय. ॲडिक्ट लोक कसे असतात ते मी आमच्या जुन्या एरियात पाहिलंय, आम्ही तसे नाही. मला लेक्चर नको, रिस्क नक्की किती आहे ते सांगा.

लेक्चर देत नाही. पण तुझ्या पत्रात तू रिस्क मोजलीस कशी ते बघ, त्यात जॉब आहे, अप्रेझल आहे, लग्न आहे, पण मेफेड्रोनबद्दल एक ओळ नाही. म्हणून तिथूनच सुरू करते.

हा पदार्थ लॅबमध्ये पहिल्यांदा १९२९ साली बनला, मग कोणी ढुंकूनही बघितलं नाही, आणि २००० नंतर पार्टी ड्रग म्हणून युरोपात पसरला. ब्रिटनने २०१० मध्ये बंदी घातली, आपल्याकडे फेब्रुवारी २०१५ मध्ये तो एनडीपीएसच्या यादीत आला, तोपर्यंत मुंबईत ‘म्याव म्याव’ नावाने उघड विकला जात होता. म्हणजे ज्यांचं कॉलेज २०१५ च्या आधी झालं त्यांच्या डोक्यात ‘ही तर लीगल पावडर’ असं बसलेलं आहे आणि तेच सीनियर पुढच्या बॅचला सांगत आलेत. आता तो बनतो कुठे? फेब्रुवारी २०२४ मध्ये पुणे पोलिसांनी दौंडजवळच्या कुरकुंभ एमआयडीसीत एका केमिकल फॅक्टरीवर धाड टाकली, मग विश्रांतवाडी आणि दिल्लीपर्यंत गेले, सगळं मिळून सतराशे किलोच्या वर माल सापडला, किंमत साडेतीन हजार कोटींच्या पुढे सांगितली गेली. तुझ्या शनिवारच्या पुडीत काय आहे हे तुला पुडीवाल्याच्या भरवशावरच कळतं, आणि त्यालाही त्याच्या वरच्याच्या भरवशावर. त्यात बनवताना राहिलेलं केमिकल असेल, वजन वाढवायला काहीतरी मिसळलेलं असेल, किंवा एमडी नसेलच. ‘आमचा बंदा भरोशाचा आहे’ हे वाक्य मी इतक्या जणांकडून ऐकलंय की काय सांगू. बंदा चांगला असेल रे, पण तो काही टेस्टिंग करून पुडी बांधत नाही.

शरीरात काय होतं ते ऐक. एमडीचा असर पटकन चढतो आणि पटकन उतरतो, म्हणून माणूस पुन्हा घेतो, परत घेतो. तू लिहिलंयस फक्त शनिवारी. शनिवारी किती वाजता सुरू होतं आणि रविवारी किती वाजता संपतं, मध्ये किती वेळा घेतलं, मला नको, तुझं तुलाच लिहून बघ. हृदयाचे ठोके आणि बीपी वाढतं, झोप आणि भूक जाते, जबडा आवळतो, आणि दोन दिवसांनी मन एकदम खाली बसतं. मंगळवारी ऑफिसात विनाकारण रडू येणं, टीम लीड आपल्याविरुद्ध काहीतरी शिजवतोय असं वाटणं, हे लोक कामाच्या स्ट्रेसच्या खात्यावर टाकतात. सोबत दारू असली तर आणखी वाईट, कारण किती चढलीय हे कळतच नाही, पावडर जागं ठेवते आणि माणूस पीत राहतो.

आता तुझ्या ‘सगळे नीट आहेत’ बद्दल, कारण मला वाटतं तुझा सगळा हिशोब याच्यावरच उभा आहे. लोकलच्या दारात लटकून रोज जाणाऱ्याला विचार, तो म्हणेल दहा वर्षं जातोय, काही झालं नाही. ज्याचं झालं तो उत्तर द्यायला त्या डब्यात नसतो. तुमच्या ग्रुपचं पण तसंच आहे. दोन वर्षांपूर्वी शनिवारी येणारे आणि आता न येणारे कोण कोण आहेत ते आठव. एखादा ‘गावी गेला’, एखाद्याचं ‘घरचं काहीतरी चालू होतं’, एखाद्याने नंबर बदलला. त्यांचं पुढे काय झालं हे ग्रुपवर कोणी विचारत नाही, ग्रुपवर उरतात ते अजून टिकलेले. त्यांच्याकडे बघून तू सरासरी काढतोस.

वाईट गोष्टी दुसऱ्यांच्या बाबतीत होतात, माझ्या बाबतीत कमी होतात, असं वाटणं हे काही तुझ्या एकट्याचं नाही. नील वाइनस्टाइन नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९८० साली कॉलेजच्या मुलांवरच हे दाखवलं होतं, आजारपण, नोकरी जाणं, अशा बहुतेक वाईट गोष्टींच्या बाबतीत मुलांना वाटत होतं आपला चान्स इतरांपेक्षा कमी. सगळ्यांचाच चान्स सरासरीपेक्षा कमी कसा असेल?

आणि ‘ॲडिक्ट तसे दिसतात’ याचं पण सांगते. तू जुन्या एरियात पाहिलेस ते गर्दवाले असणार. ऐंशीच्या दशकात मुंबई-पुण्यात गर्द, म्हणजे ब्राऊन शुगर (अशुद्ध हेरॉइन) पसरली, पोरं फूटपाथवर, पुलाखाली पडलेली दिसायची, त्याच काळात अनिता आणि अनिल अवचटांनी १९८६ मध्ये पुण्यात मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र सुरू केलं. ते चित्र आपल्या सगळ्यांच्या डोक्यात इतकं पक्कं बसलंय की फाटके कपडे, सुई, फॉइल दिसलं नाही तर ते व्यसन वाटतच नाही. एमडीला सुई लागत नाही, धूर नाही, टॉयलेटमध्ये दोन मिनिटांत काम होतं. जून २०२४ मध्ये पुण्यातल्या फर्ग्युसन रोडवरच्या बारमधला नशेचा व्हिडिओ फिरला होता तो आठवत असेल, त्यातली पोरं तुझ्या-माझ्या घरातल्यासारखीच दिसत होती.

तुला आकडा हवा होता, आकडा मी देणार नाही, कारण पुडीत काय आणि किती हे माहीत नसताना कोणी आकडा दिला तर तो फेकतोय समज. त्यापेक्षा येणारे चार शनिवार घेऊ नकोस आणि काय होतं ते बघ. सहज जमलं तर चांगलंच आहे, पुढे पण बंद ठेव. शुक्रवारी संध्याकाळपासून डोक्यात तेच फिरायला लागलं, चिडचिड झाली, ‘या वेळी स्पेशल ऑकेजन आहे’ असं कारण सापडलं, तर तुझ्या प्रश्नाचं उत्तर तुला मिळालं. मग १४४४६ वर फोन कर, व्यसनमुक्तीची सरकारी हेल्पलाइन आहे, फ्री आहे. छातीत धडधड किंवा दुखणं झालं असेल तर मात्र चार शनिवार थांबायचं नाही, या आठवड्यात डॉक्टरकडे जा आणि काय घेतो ते खरं सांग.

मी ठाण्यात ज्युनिअर कॉलेजला शिकवते. दर वर्षी २६ जूनला, अमली पदार्थविरोधी दिनाला, आम्ही पोस्टर, पथनाट्य, शपथ असं सगळं करतो. या वर्षी कवटीचं पोस्टर लावलं तर मुलं त्याच्यासोबत सेल्फी काढत होती. आमचं काय चुकतंय?

मॅडम, तुमचा हेतू शंभर टक्के बरोबर आहे, पण ही पद्धत जगभर करून झालीय. अमेरिकेत १९८३ मध्ये लॉस एंजेलिसला ‘डेअर’ नावाचा कार्यक्रम सुरू झाला, पोलिस वर्गात येऊन मुलांना ड्रग्जबद्दल शिकवायचे, तो देशभर गेला, आणि नंतरच्या अभ्यासांत दिसलं की मुलांच्या नशेवर त्याचा टिकाऊ परिणाम जवळजवळ नाही. १९९८ नंतर तिथे टीव्हीवर प्रचंड पैसा ओतून जाहिराती केल्या, त्यांचं मूल्यमापन झालं तर नशा कमी झाल्याचा पुरावा मिळाला नाही, उलट काही मुलांची उत्सुकता वाढल्याची चिन्हं दिसली. कारण रोज जाहिरात बघून मुलाला वाटतं, एवढं सांगतायत म्हणजे सगळेच करत असणार.

हा ‘सगळेच करतात’ मला सगळ्यात जास्त त्रास देतो. पर्किन्स आणि बर्कोविट्झ या दोघांनी १९८६ मध्ये दारूच्या बाबतीत दाखवलं होतं की कॉलेजातली मुलं आपले मित्र किती पितात याचा अंदाज खऱ्यापेक्षा जास्त धरतात आणि मग त्या अंदाजाला जुळवून घ्यायला स्वतः पितात. न पिणारा गप्प बसतो, पिणारा स्टोरी टाकतो. आपल्या वर्गांतही हेच आहे.

मी मुलांची सेशन घेते तेव्हा काय करते ते सांगते, तुम्हाला आवडलं तर घ्या. बारा-पंधरा मुलांचा ग्रुप, शक्यतो शिक्षक बाहेर. जमिनीवर कार्डं टाकते, दारू, वेप, गांजा, एमडी, एक्स्टसी, झोपेच्या गोळ्या, कफ सिरप, ब्राऊन शुगर, व्हाइटनर. सांगते, कमी धोक्यापासून जास्त धोक्यापर्यंत लावा, सगळ्यांचं एकमत झालं पाहिजे. पहिली दोन मिनिटं लाजतात आणि मग जी भांडणं सुरू होतात! ब्राऊन शुगर न बोलता एकदम टोकाला जाते. कफ सिरप आणि गोळ्या जवळपास प्रत्येक वेळी ‘सेफ’च्या बाजूला, कारण काय तर मेडिकलमध्ये मिळतात, डॉक्टर देतात. व्हाइटनरचं कार्ड कोणी उचलतच नाही, ते ‘स्टेशनवरच्या पोरांचं’ असतं. (आणि वर सांगितलेला एम्सचा सर्व्हे सांगतो की हुंगायच्या नशेत मोठ्यांपेक्षा लहान मुलांचं प्रमाण जास्त आहे, हा एकच प्रकार तसा आहे.) एमडी आणि एक्स्टसी मध्ये कुठेतरी. मग मी विचारते, हे कार्ड इथे का ठेवलं? आणि मग कळतं की पूर्ण रांग किमतीवरून आणि घेणाऱ्याच्या कपड्यांवरून लागलीय. महाग म्हणजे प्युअर, पबमध्ये म्हणजे क्लास, रस्त्यावर म्हणजे घाण. हे त्यांचं त्यांनाच दिसलं की वर्ग शांत होतो, तेव्हा बोलायचं. मालेगावात ‘कुत्ता गोळी’ म्हणून जी विकली जाते ती अल्प्राझोलाम, म्हणजे झोपेसाठी, घबराटीसाठी डॉक्टर देतात तीच गोळी, आणि ती दारूबरोबर घेतली तर श्वास मंदावतो, हे सांगितलं की मुलं स्वतःहून उठून ते कार्ड पलीकडे सरकवतात.

अजून एक. एकट्या मुलाला धोका विचारा, तो मोठ्या माणसासारखं शहाणं उत्तर देईल. मित्र सोबत असले की तोच मुलगा वेगळा वागतो. लॉरेन्स स्टाइनबर्ग आणि मार्गो गार्डनर यांनी २००५ मध्ये गाडी चालवायच्या व्हिडिओ गेमवर हे मोजलं, मित्र बघत असताना टीनएजर्सनी एकटं असतानाच्या जवळपास दुप्पट रिस्क घेतली, मोठ्या माणसांत तसा फरक पडला नाही. त्यामुळे नुसती माहिती देऊन थांबू नका, रात्री अकरा वाजता चार मित्रांच्या मध्ये पुडी समोर आली तर तोंडातून कोणतं वाक्य काढायचं याची प्रॅक्टिस करून घ्या. ‘मला नको, उद्या सकाळी मॅच आहे’ एवढं पण चालतं. मुलं हसतात सुरुवातीला, हसू द्या.

कवटी काढून टाका.

माझं वय २० आहे, पिंपरीत जिम करतो. ट्रेनर म्हणतो बीपीचं एक इंजेक्शन आहे, वर्कआउटच्या आधी घेतलं की पंप येतो आणि दमायला होत नाही, ड्रग नाही मेडिसिन आहे. घेऊ का?

नको. ते मेफेन्टरमाइन असणार, ऑपरेशनच्या वेळी भूल दिल्यावर पेशंटचं बीपी खाली जातं तेव्हा भूलतज्ज्ञ मॉनिटर लावून ते देतात. जड वजन उचलताना बीपी आपोआपच वाढतं, त्यावर हे इंजेक्शन म्हणजे हृदयाची लय बिघडणं किंवा मेंदूत रक्तस्राव, विशीतल्या माणसालाही. त्याची सवय लागते, आणि एकाच बाटलीत चार जणांची सुई जात असेल तर एचआयव्ही, कावीळ ते वेगळंच. पुण्यात जिमच्या मुलांना हे विकणाऱ्यांना अटक झालेली आहे. ‘मेडिसिन आहे’ हे खरं आहे, पण कोणासाठी आणि कोणाच्या हातून हे ट्रेनर सांगत नाहीये. ट्रेनर बदल, जमलं तर जिमच बदल.

मुलगी मुंबईला शिकते. मला संशय आहे. सुट्टीत आली की तिच्या नकळत युरिन टेस्ट करून घेऊ का? ऑनलाइन किट मिळतात. (एक बाबा, नाशिक)

बाबा, नका करू. साध्या किटवर एमडी बऱ्याचदा दिसत नाही, त्यामुळे निगेटिव्ह आली तरी तुमचा संशय जाणार नाही. गांजा मात्र नियमित ओढणाऱ्याचा कित्येक दिवस दिसतो, म्हणजे पॉझिटिव्ह आली तरी ती काय, किती आणि का घेते हे कळणार नाहीच. आणि तिला हे समजलं, जे समजणारच, तर यापुढे अडचणीत सापडल्यावर ती ज्या नंबरवर फोन लावेल त्यात तुमचा नंबर नसेल. संशय कशावरून आला ते तिला तोंडावर सांगा. पैसे जास्त लागतायत, वजन उतरलंय, दिवसभर झोपते, जे काय असेल ते. ती चिडेल. चिडू द्या, पण तुम्ही आवाज चढवू नका आणि विषय तिथेच सोडूही नका, दोन दिवसांनी परत काढा.

ताई मी अंधेरीला तीन मुलींसोबत फ्लॅट शेअर करते. मी काही घेत नाही पण बाकीच्यांचे फ्रेंड्स येतात, गोळ्या आणि एमडी असते. मागच्या महिन्यात एक मुलगी बेशुद्ध पडली. सगळे म्हणाले हॉस्पिटल नको, पोलिस केस होईल, घरी कळेल. तिच्या तोंडावर पाणी मारलं, लिंबू पाजायला बघितलं, मग झोपवून ठेवलं. सकाळी उठली पण मी रात्रभर थरथरत होते. परत असं झालं तर काय करू?

तुझं पत्र मी सगळ्यात शेवटी ठेवलं कारण मला ते सगळ्यात जास्त लागलं. त्या खोलीत एकालाही मरणाची भीती वाटली नाही, सगळ्यांना भीती वाटली ती पोलिसांची आणि घरच्यांची. आणि ती भीती खोटी नाही, मी असं म्हणणार नाही की काही होत नसतं. हॉस्पिटल मेडिको-लीगल केस नोंदवू शकतं, पोलिस विचारायला येऊ शकतात. पण हे नंतर निस्तरता येतं. आणि उपचार आधी, कागद नंतर, हा काही डॉक्टरचा उपकार नाही, सुप्रीम कोर्टाने १९८९ मध्ये परमानंद कटारा केसमध्ये सांगून ठेवलंय की तातडीच्या पेशंटला पोलिस केसच्या कारणाने थांबवून ठेवायचं नाही.

परत असं झालं तर हाक मारून, खांदा हलवून बघ. उठत नसेल, श्वास अडखळत असेल किंवा घोरल्यासारखा येत असेल, ओठ निळे पडले असतील, फिट आली असेल, अंग चटका बसेल इतकं तापलं असेल, छातीत दुखत असेल, यातलं काहीही एक दिसलं तर १०८ ला फोन, कोणाची परवानगी घेत बसू नकोस. ॲम्ब्युलन्स येईपर्यंत तिला एका कुशीवर वळवून ठेव म्हणजे उलटी झाली तर घशात अडकणार नाही. श्वासच थांबला असेल तर फोनवरच्या माणसाला लगेच तसं सांग आणि तो सांगेल तसं छाती दाबायला सुरू कर. शुद्ध नसलेल्या माणसाच्या तोंडात काही म्हणजे काही घालायचं नाही, लिंबू नाही, मिठाचं पाणी नाही, कॉफी नाही. तापली असेल तर कपडे सैल कर, पंखा लाव, ओल्या टॉवेलने पूस. एकटीला खोलीत झोपवून दार लावून घेऊ नका, ‘झोपू दे, उतरेल’ यातच माणसं जातात. हॉस्पिटलला काय घेतलं, साधारण किती वाजता, दारू होती का, हे सगळं खरं सांग, पुडी किंवा गोळीचं पाकीट उरलं असेल तर तेही दाखव. डॉक्टरला ट्रीटमेंट त्यावरून ठरवायची असते.

फ्लॅटचं पण मनावर घे. आपल्या ताब्यातल्या जागेत माहीत असून असं होऊ दिलं तर एनडीपीएस कायद्याचं कलम २५ त्या जागेत राहणाऱ्यालाही लागू शकतं, तू स्वतः काही घेत नाहीस एवढ्याने तू सुटशीलच असं नाही. ॲग्रीमेंटवर तुझं नाव असेल तर मुलींशी सरळ बोल, इथे नाही म्हणजे नाही, आणि ऐकत नसतील तर दुसरी जागा बघ, डिपॉझिट अडकलं तरी बघ. त्यांच्यापैकी कोणाला सोडायचं असेल तर हेही सांग की व्यसन असलेला माणूस स्वतःहून सरकारमान्य ठिकाणी उपचाराला गेला तर थोड्या मालाच्या किंवा सेवनाच्या केसमध्ये त्याला कलम ६४-ए खाली संरक्षण मिळू शकतं, उपचार मात्र पूर्ण करावे लागतात. हे बहुतेक मुलांना माहीतच नसतं, त्यांना वाटतं मदत मागितली की अटक. आणि तुला स्वतःला त्या रात्रीपासून झोप लागत नसेल तर १४४१६ वर, टेली मानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनला फोन कर, मराठीत बोलता येतं.

त्या मुलीला शोधून एकदा फिजिशियनकडे घेऊन जा, ईसीजी काढून या. सकाळी उठली म्हणजे सगळं ठीक आहे असं तिने धरलेलं असेल. ती एकटी जाणार नाही, तू सोबत जा.